दुपारची चूल

शार-ऊस, १६ मार्च १९९२

प्रिय दादा,

हिवाळा सुखाचा गेला ना? वहिनीची तब्येत, पोरांचा अभ्यास, सासऱ्यांची मेंढरं, सगळं ठीक? आमच्याकडेही सगळं छान. चला, रीतीचं लिहून झालं. आता पत्र लिहिते.

एका कामासाठी लिहितेय आणि ते काम महिनाअखेरीच्या आत व्हायला हवंय. पण ते एकदम सांगितलं तर तू पत्र मिटून ठेवशील, मी ओळखते तुला. म्हणून आधी माझ्या कचेरीची गंमत ऐक.

नव्या वर्षाला तू आलास तेव्हा विचारलं होतंस, "नोर्जमा, नवी नोकरी कशी काय?" मी "बरी आहे" म्हणून मोकळी झाले. खरं तर मी काय काम करते हे तेव्हा मलाच कळलं नव्हतं. दारावर पाटी आहे, रोजगार कार्यालय. आत एक टेबल, एक चूल, मी आणि दाशन्याम साहेब. साहेब परवापरवापर्यंत सांस्कृतिक भवनात अकॉर्डियन शिकवत होते. मी आधी नियोजन खात्यात होते, तेव्हा काम सोपं होतं. राजधानीतून कागद यायचा, यंदा इतके ट्रॅक्टरवाले हवेत, इतके गवंडी हवेत. तो आला की आम्ही शाळेतून पोरं निवडून धाडून द्यायचो. तूही असाच बॉयलरवर गेलास. तुला काय व्हायचं होतं, हे कुणी विचारलं होतं का रे? हल्ली मला याचं फार कुतूहल वाटतं. लिहून कळव.

आता सगळं उलटं झालंय. सरकार म्हणतं, काम आम्ही देणार नाही, ज्याचं त्यानं शोधावं. नाही मिळालं तर या कार्यालयात येऊन तसं स्वतःच्या तोंडानं सांगावं, मग नाव लागेल, थोडा भत्ता मिळेल, कुठं जागा निघाली तर आधी त्याला. आम्हाला शिकवायला एक परदेशी गृहस्थ आला होता. म्हणाला, "दारापर्यंत रांग लागेल, तयारीत राहा." माणूस आत आला की पहिला प्रश्न विचारायचा, तुम्हाला काम नाही का? दादा, आपल्यात कुणी असं विचारतं का? काम नसलेला माणूस म्हणजे कालपर्यंत पोलिसाचं गिऱ्हाईक.

तर पहिले आले गोंबोसुरेनकाका, ट्रक डेपोतले. डेपोतले निम्मे ट्रक सुट्या भागांवाचून उभे आहेत, हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. काका आले, बसले, तपकिरीची बाटली पुढे केली. मी दोन्ही हातांनी घेतली, हुंगली, परत दिली. चहा ओतला. म्हटलं, "काका, हिवाळा कसा गेला?"

"छान गेला."

"कामधाम?"

"उत्तम."

मग हवेच्या, बर्फाच्या, कुणाच्या घोडीच्या गप्पा. तीन वाट्या खारा चहा पिऊन काका गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. मग बेकरीतला एक, मग छापखान्यातल्या दोघी. सगळ्यांचं छान, सगळ्यांचं उत्तम. वाईट बोललं की वाईट घरात शिरतं, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं, ते पाटी बदलल्यानं थोडंच जाणार? दाबलेल्या चहाची वीटच्या वीट संपली आणि अहवालात मी लिहिलं, बेरोजगार: कुणी नाही.

राजधानीतून अभिनंदनाचं पत्र आलं. साहेबांनी खूश होऊन कचेरीतच अकॉर्डियन वाजवलं. आठवड्याभरात दुसरं पत्र. तुमच्या गावी बेरोजगार नसल्यामुळे कार्यालयाची गरज दिसत नाही, बंद करण्याचा विचार आहे. साहेबांनी डोक्याला हात लावला. म्हणाले, "नोर्जमा, म्हणजे या गावातले पहिले दोन बेरोजगार आपणच." मी हसले खरी, पण घरी जाऊन रडले. नवरा म्हणाला, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, सगळं छान.

त्यानंतरची गोष्ट. एके दुपारी कचेरीतली चूल विझली. मी फुंकून फुंकून दमले. काका उठले, शेणी नीट रचल्या आणि एका काडीत पेटवून दिली. मी सहज म्हटलं, "हात बसलाय की तुमचा. काकू तर बेकरीत असते. घरी दुपारची चूल कोण पेटवतं?"

काकांनी चुलीत आणखी एक शेणी सारली. म्हणाले, "मीच. शरदापासून मीच." आणि मग बोलायचे थांबेचनात. मी फॉर्म पुढे ओढला आणि लिहीत गेले. शेवटी त्यांनी सही केली, टोपी घातली आणि म्हणाले, "हलकं वाटतंय बघ पोरी." तेव्हापासून मी सगळ्यांना चुलीचंच विचारते. कचेरी बंद होणं टळलंय. लोकांचं काम गेलं म्हणून माझं राहिलं, हे मनाला बोचतं, तुझ्यापासून काय लपवू?

आता कामाचं. आपल्या गावच्या बॉयलरघरातला माणूस नोकरी सोडून, सरकारी कळपातून वाट्याला आलेली मेंढरं घेऊन वर डोंगरात गेला. सगळ्या गावाला ऊब देणारे ते दोन बॉयलर सध्या एक नवशिका कसेबसे सांभाळतोय, शाळेत पोरं कोट घालून बसतात. जागा भरायची आहे. पण ज्यानं स्वतः "मला काम नाही" असं सांगून नाव लावलंय, त्यालाच ती मिळणार, तुमच्याकडच्या कार्यालयात सांगितलं तरी चालेल. महिनाअखेर झाली की जागा राजधानीत जाईल आणि तिथून कुणीतरी येईल.

तू म्हणशील, हे मला का सांगतेस? नव्या वर्षाला तूच सांगितलंस की कारखाना जोरात चाललाय, वाफ भरपूर आहे. सगळ्यांदेखत सांगितलंस, वहिनी खाली मान घालून डंपलिंग वळत होती. पण दादा, नमस्काराला मी तुझ्या कोपरांखाली हात धरले ना, तेव्हा तुझे तळहात माझ्या डोळ्यांसमोर होते. गोरे. भेगांत कोळशाचा कण नाही. जन्मात पहिल्यांदा मी तुझ्या हातांचा खरा रंग पाहिला. तू गेल्यावर ताटलीतलं तसंच राहिलं.

साहेब म्हणतात, "भाऊच ना? लाव नाव, सही तूच कर." मी नाही म्हटलं. तुला एकदा न विचारता धाडलंय कुणीतरी. मी पुन्हा तसं करणार नाही. इथं यायचं नसेल, हा धंदाच नको असेल, तर तेही लिही. मला खरंच जाणून घ्यायचंय.

तू बरा आहेस का, हे मी विचारत नाही. एवढंच विचारते. सकाळी वहिनी शाळेत शिकवायला जाते, पोरं जातात. मग तुमच्या घरी दुपारची चूल कोण पेटवतं?

तुझ्या उत्तरासाठी टेबल रिकामं ठेवून बसलेली,
नोर्जमा