वहीत न लिहिलेली भाजी

९ डिसेंबर २०२४, सोमवार

वही दिली! नवरा गेल्यापासून अकरा वर्षं पेटीत होती, त्याच्याच, शादाबच्या मफलरमध्ये बांधलेली. गाठ मला सुटेना. संगीतानं सोडवली — यवतमाळच्या दवाखान्यातली संशोधक, वयानं माझ्या विद्यार्थिनींएवढी. मी वही उघडली नाही. तशीच दिली.

तीन वर्षं रोज लिहीत होते. त्यानं काय खाल्लं, गोळी किती घेतली, रक्ताचा रिपोर्ट काय आला. ‘असं कुणीच लिहून ठेवत नाही, आरिफा मॅडम,’ संगीता म्हणाली. मराठीच्या बाईला दुसरं काय येतं?

१० डिसेंबर

हृदयात धातूची झडप बसवली की रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर. कुणाला अर्धी पुरते, कुणाला तीन लागतात. ते आईबापांकडून आलेल्या जनुकांत असतं, संगीता सांगत होती — आणि थोडं ताटातही. पालेभाजी गोळीचा जोर मोडते. यवतमाळ रक्त गोळा करतं, हैदराबाद जनुकं वाचतं, नागपूर आकडे जुळवतं.

आणि बाभुळगावातून माझी वही. कारण जफर. शादाबचा सख्खा धाकटा भाऊ. गेल्या महिन्यात त्यालाही झडप बसवली. गोळीचं प्रमाण अजून बसत नाही.

‘उंदीर मारायचं औषध आहे ना हे? भाई खाऊन गेला, आता माहा नंबर! भाभी, घरात मांजर नका ठेवू.’

१२ डिसेंबर

शादाबची झडप वाजायची. दुपारी पंखा बंद असला की स्वच्छ ऐकू यायची. टिक. टिक. आज जफरकडे गेले होते. त्याचीही वाजते. चहा अर्धा टाकून उठले.

१६ डिसेंबर

बाजारात हरभऱ्याची कोवळी भाजी. घेतली नाही.

लग्नानंतरचा पहिला हिवाळा. राळेगावच्या रस्त्यावर स्कूटर बंद पडली — मेकॅनिकचीच! तो ती खोलून बसला. मी शेजारच्या शेतातली भाजी खुडत राहिले. ओढणी आंबेनं, हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबट दवानं, ओली झाली. शादाबनं काळ्या हातानं ओढणीचं टोक धरलं आणि चोखून पाहिलं. ‘मस्त. मीठ टाकाची गरजच नाही.’

ती ओढणी कुठे गेली, कोण जाणे.

२१ डिसेंबर, शनिवार

संगीताचा फोन. ‘एक कळत नाही, मॅडम. वहीत भाजी नाही, गोळी चुकलेली नाही, तरी मधेच रक्त घट्ट झालेलं दिसतं. म्हणजे या घराण्याला गोळी कमी पडत असावी. नागपूरचे म्हणतात, जफरभाईंची वाढवून बघू.’

मी म्हटलं, ‘बरं.’

बरं!

२२ डिसेंबर

शादाबच्या उशीवर रक्त असायचं. हिरड्यांतून. मी अभ्रे धुवायची. डॉक्टर म्हणाले होते, भाजीनं गोळीचा जोर कमी होतो, देऊ नका. मी तेच औषध धरलं. पालक, मेथी, जे मिळेल ते वाटून वरणात. वहीत लिहायची — वरण. एवढंच.

‘कोथिंबीर जास्त पडली,’ म्हणायची. तो हसायचा. ‘या घरात कोथिंबीर लई सस्ती झाली वाटते!’ ताट पुसून खायचा.

एप्रिलमध्ये झडपेत रक्ताची गाठ झाली. यवतमाळच्या वाटेवर, जीपमध्ये, मी त्याच्या छातीला कान लावून होते.

कुणालाच सांगितलं नाही. पण जफरची गोळी माझ्या खोट्या वहीवर वाढली, तर रक्त त्याच्या उशीवर येईल.

२३ डिसेंबर

सांगितलं. जफरच्या अंगणात, संगीतासमोर.

जफर पायातली चप्पल बघत राहिला.

‘भाईले माहीत होतं?’

‘नाही.’

‘मंग मले कायले सांगून राह्यल्या? आता?’

‘तुझी गोळी वाढवतील म्हणून.’

उठला, आत गेला. बाहेर आलाच नाही.

संगीतानं हळूच विचारलं, ‘कोणते दिवस होते, मॅडम?’ आठवत नाहीत. वर्षं आठवतात, दिवस नाहीत. आता वही कामाची नाही, हे तिनं बोलून दाखवलं नाही. गोळी तूर्त आहे तेवढीच ठेवणार.

२७ डिसेंबर

जफर फोन उचलत नाही.

२ जानेवारी, गुरुवार

संगीता आली. मागून जफर. तिनं वही उलटी करून माझ्यापुढे ठेवली. मी नेहमी पुढून लिहायची. मागची पानं कधी पाहिलीच नव्हती. पेन्सिल. शादाबचं ठोकळेबाज अक्षर. नुसत्या तारखा आणि पुढे एक शब्द — भाजी. सत्तावीस वेळा. तारखा रिपोर्टांशी जुळतात. जफरची गोळी वाढणार नाही.

शेवटची ओळ जफरनं मोठ्यानं वाचली. ‘भाजी. रक्त नाही. आरिफा हसली.’