नंबर असलेलं एक मूल

लँकेस्टरजवळ, पेनसिल्व्हेनिया
ता. ६ मे २००८

ती. मलिंडाताईस,
सलोमाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याला तेल लावतेस ना? दुसऱ्यांची बाळंतपणं करत हिंडतेस आणि स्वतःच्या दुखण्याला मात्र तुला वेळ नसतो.

इकडे महिनाभर एकच विषय चाललाय. सरकार भरलेला कर थोडा परत करणार, तो कुणाला मिळणार आणि कुणाला नाही. आपल्या मंडळीच्या डीकननी सांगितलं, की हा आपलाच पैसा आहे, भीक नव्हे, तेव्हा घ्यायला हरकत नाही. प्रत्येक मुलामागे तीनशे डॉलर आहेत म्हणे, पण मुलाला सोशल सिक्युरिटीचा सरकारी नंबर हवा. जगापासून वेगळं राहणाऱ्या आपल्या पंथात कोण मुलांना नंबर घेतं? शेजारच्या आम्मनला अकरा मुलं, तरी त्याला नवराबायकोचे बाराशेच. तो सगळ्यांना सांगत सुटलाय, की सरकारदरबारी मी निपुत्रिक आहे.

काल आमचा कागद आला. जोनसनी तो जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचला. पंधराशे! आम्हा दोघांचे बाराशे, आणि गेल्या वर्षअखेर सतरा पूर्ण नसलेल्या एका मुलाचे तीनशे. जोनस म्हणाले, की चूक झालीय, जास्तीचे पैसे परत करू. तेवढ्यात आमच्या लोविनानं बटाट्यांचं भांडं खाली ठेवलं आणि शांतपणे सांगितलं, की चूक नाही, नंबर माझा आहे.

ताई, काय सांगू! जानेवारीत बाजाराच्या व्हॅनमधून शहरात उतरून ही एकटी कचेरीत जाऊन नंबर काढून आली होती. आमच्या चामड्याच्या दुकानाची कागदपत्रं तीच लिहिते, हे तुला माहीतच आहे. करांच्या कागदावर मुलांच्या नंबरांचा रकाना होता. पाच भावंडांपुढे तिनं रेघ मारली, आणि स्वतःपुढे नंबर लिहिला. का, तर नंबर असताना रेघ मारणं खोटं झालं असतं! आईबापापासून चार महिने लपवलं, पण कागदाशी खोटं बोलवेना. कुणावर गेलीय ही?

नंबर लागतो तो बाहेरच्या जगातल्या नोकरीला आणि बाहेरच्या शिक्षणाला. मोठ्या झालेल्या मुलांना मंडळीत घेण्यासाठीचे बाप्तिस्म्याचे वर्ग सुरू झालेत आणि ही त्यात बसलेली नाही. का, ते विचारलं तर दुकानाची वही उघडून बसते. पोर चालली, ताई. तुला ती दर पंधरा दिवसांनी लिहिते. तूच तिच्या मनातलं काढून घे.

सर्वांना आशीर्वाद. थोरलीची माया आहे तशीच राहू दे.
तुझी सलोमा


होम्स काउंटी, ओहायो
ता. १३ मे २००८

चि. सलोमास,
मलिंडाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

काढून घ्यायला काही उरलेलं नाही. मला सगळं माहीत आहे, सुरुवातीपासून.

नंबरासाठी जन्माचा पुरावा लागतो. लोविना घरी जन्मली, माझ्या हातांत. डिसेंबरमध्ये तिनं मागितला तसा सहीचा कागद मी करून पाठवला. आता मला काय बोलायचं ते बोल.

तिला सुईणपण शिकायचंय, पण माझ्यासारखं पाहून पाहून नाही, परीक्षा देऊन. माझ्या इथल्या प्रसूतिगृहात बाहेरची एक नर्स मुलींना शिकवते. त्या परीक्षेला नंबर लागतो. मंडळी सोडायची नाही म्हणते. आधी शिकेन, मग बाप्तिस्मा घेईन, असं तिचं म्हणणं. तिची खात्री मी देणार नाही. सतरा वर्षांच्या पोरीची खात्री कुणी द्यावी?

पण तिनं हे का ठरवलं, ते तुला कळायलाच हवं. दोन वर्षांपूर्वी तुझं सातवं बाळ गेलं, तेव्हा मी इतक्या लांब. मदतीला आलेल्या बाईला वेळेवर कळलं नाही. त्या खोलीत तुझा हात धरून लोविना उभी होती. तिनं मला लिहिलं, की डॉक्टरला कधी बोलवायचं हे घरात एकालाही कळलं असतं, तर भाऊ जगला असता. तू त्या बाळाचं नाव कधी काढत नाहीस, म्हणून तुझ्यापाशी बोलली नाही.

रागाव, पण माझ्यावर. पोरीवर नको.
तुझी मलिंडा


ता. १९ मे २००८

मलिंडाताईस,

तुझी सही! माझ्या लेकीला घराबाहेर नेणाऱ्या कागदावर माझ्या सख्ख्या बहिणीची सही. पत्र हातात घेऊन मी अंगणात किती वेळ उभी होते, मलाच ठाऊक नाही.

चेक आलाय. दोघांच्या नावावर आहे, दोघांनीही सही केल्याशिवाय वटत नाही. तो बायबलमध्ये पडून आहे. जोनस दोन आठवडे लोविनाशी बोललेले नाहीत.

बाळाबद्दल लिहिलंस तेवढं तीनदा वाचलं. त्या दिवशी त्या खोलीत मी एकटीच होते, असं मला आजवर वाटत होतं.

माया आहेच. आज लिहवत नाही एवढंच.
सलोमा


ता. २१ जून २००८

ती. मलिंडाताईस,
सा. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात मी आणि लोविना ओट्यावर स्ट्रॉबेऱ्या निवडत बसलो होतो. मीच विषय काढला. तिला विचारलं, की बाळ तू पाहिलं होतंस का. म्हणाली, पाहिलं होतं, आणि धुऊन गुंडाळलंही तिनंच. केस काळेभोर होते, तुझ्या-माझ्या वडिलांसारखे. ताई, मला कुणी हे सांगितलंच नव्हतं, आणि मी कुणाला विचारलं नव्हतं. आम्ही दोघी खूप रडलो. आत चुलीवर ठेवलेला मुरंबा करपला.

त्या दिवशी मी चेकवर सही केली. जोनसना काही सांगितलं नाही. रविवारी बायबल उघडलं तर माझ्या सहीखाली त्यांची सही. तरीही पोरीशी शब्द नाहीच. मात्र दुकानात चार दिवस कसलंसं शिवत होते. मला वाटलं, घोड्याचा पट्टा असेल. काल तिच्या खुर्चीवर चामड्याची पिशवी ठेवलेली होती, सुईणी नेतात तशी, आत कप्पे केलेले. नुसतं एवढंच म्हणाले, की शिवण दुहेरी आहे, उसवणार नाही.

आम्मनला बातमी लागलीच. म्हणतो, तुम्ही माझ्याहून एका मुलानं श्रीमंत. मी हसले, आणि मग आत जाऊन बसले. सरकारनं सहांतलं एकच मूल मोजलं, आणि नेमकं तेच चाललंय.

तिचे तीनशे पिशवीच्या आतल्या कप्प्यात आहेत. परत येईल का, हे मी तिला विचारलं नाही. तूही विचारू नकोस.

हे पाकीट टपालानं आलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. आणणारी दारात उभी असेल. बसमध्ये तिनं काही खाल्लेलं नसणार. आधी तिला जेवू घाल.

तुझी सलोमा