निळ्या सदऱ्याच्या चुण्या

१५ जानेवारी १९७३, जऊळका

बदलीच्या स्टेशनावर सकाळच्या गाडीने उतरलो आणि मन प्रसन्न झालं. मनमाडचा धूर आणि गोंगाट मागे राहिला. इथे मोजक्या गाड्या, मोजकी तिकिटं आणि भरपूर आभाळ. रेल्वेचं क्वार्टर रिकामं नाही, म्हणून रुळांपलीकडे मनकर्णाबाईंच्या घरातली एक खोली घेतली. मोठ्या खिडकीसमोर टेबल लावलं; बाजूच्या लहान खिडकीतून फलाट दिसतो. बाहेर बाईंचंच शेत, थेट ओढ्यापर्यंत उघडं. यंदा पावसाने दगा दिला, ज्वारी उगवून करपली. अलीकडे एक बाभूळ आणि पार पलीकडे एक बुजगावणं, एवढंच शेतात उभं आहे.

ट्रंक घेऊन आलेल्या इंद्रभानला, रुळांचे सांधे बदलणाऱ्या आमच्या पॉइंट्समनला, मी विचारलं की पीक नाही तर हे राखतंय काय? म्हणाला, "मातीची राखन करून राह्यलं साहेब. सरकारी नोकरच समजा. काम नसलं तरी हजर!"

विजया लेकीला, कुंदाला, घेऊन पुढच्या महिन्यात येईल. तोवर एकच संकल्प, रोज एक चित्र. मनमाडला कितीदा सुरू करून सोडलं. आता सबब नाही.

१९ जानेवारी

नेम चालू आहे. शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांची रीत धरली आहे. हात कोपरात न वाकवता पेन्सिल डोळ्यासमोर धरायची, एक डोळा मिटायचा आणि वस्तूची उंची अंगठ्याने पेन्सिलीवर घ्यायची. हात वाकला की माप गेलं. रोज त्याच खुर्चीत बसतो. मॉडेल अर्थात बुजगावणं. नाक खाजवत नाही, कंटाळत नाही. त्याच्या उंचीची खाच ब्लेडने पेन्सिलीवर करून ठेवली आहे.

कापडाच्या चुण्या मला कधीच जमल्या नाहीत. त्याच्या अंगावर नुसतं फाटकं बारदान. म्हणून आज माझा जुना निळा सदरा नेऊन त्याला घातला, बटणंही लावली. खिशावर कुंदाने सांडलेल्या शाईचा डाग आहे. गर्दीत ती मला याच सदऱ्यावरून ओळखते. मडक्याच्या डोक्याखाली कॉलर फार ऐटबाज दिसते. लांबून पाहिलं तर मीच.

२४ जानेवारी

मनकर्णाबाई रागावल्या. "बाबू, त्याले काहून घातला तुमचा सदरा? जित्या मानसाचं आंगडं त्याले घालत नसतेत. त्याले काय समजते, आपन सोता कोन अन् तुमी कोन?"

पीक घरात आलं की बुजगावणं उतरवायचं, बांबू घरी आणायचा आणि अंगातला कडबा चुलीत घालायचा, अशी इथली रीत. यंदा पीकच नाही, म्हणून ते उतरवायचं राहून गेलं. चुण्या जमल्या की सदरा काढतो, असं मी म्हणालो. त्यावर म्हणाल्या, "चुन्या पाह्याच्या तं माझं लुगडं पाहा. भरपूर हायेत!" हसल्या, पण जाताना पुन्हा बजावून गेल्या.

२९ जानेवारी

माप चुकतंय. बुजगावणं खाचेच्या वर जातं. हात वाकत असणार. रबराने खोडून जुन्या मापाने पुन्हा काढलं. सतत हात ताठ धरून उजवा खांदा दुखतो. बाईंनी तेल कोमट करून दिलं.

चुण्या मात्र सुरेख जमू लागल्या आहेत. वारा नसतानाही सदरा छातीवर भरलेला दिसतो.

२ फेब्रुवारी

माझा हात चुकत नाही. आज रेल्वेच्या लाकडी पट्टीला कोपरासकट हात बांधून माप घेतलं. खाच खूप खाली राहिली.

पहिल्या दिवसाचं चित्र ट्रंकेतून काढून पाहिलं. त्यात बाभूळ पुढे आहे, बुजगावणं मागे. आज सदऱ्याने बाभळीचं खोड झाकलं आहे. रोज थोडं थोडं मोठं दिसलं आणि रोज मी ते खोडून लहान करत राहिलो. नवशिक्याने कागद सुधारला, बाहेर पाहिलं नाही.

शेतात गेलो. जुन्या जागी नुसता खड्डा. सोबत इंद्रभान होता. म्हणाला, "मी समजलो, तुमीच उपटून जवळ आनलं." मी नाही म्हटल्यावर तो हसला नाही.

५ फेब्रुवारी

सदरा काढायला गेलो होतो. बटणाला हात लावला आणि कोपर वाकेना. दोन्ही हात बाजूला ताठ. तसाच घरी आलो. घरी आल्यावर डावा सुटला, उजवा नाही.

इंद्रभानने गाऱ्हाणं केलं की सकाळी हाक मारली तर मी ओ दिली नाही. "बाभळीखाली उभे होते ना तुमी. इतका कायचा राग, साहेब?"

सकाळी मी तिकीट खिडकीत होतो.

७ फेब्रुवारी

आजारपणाची रजा. भाकरी तोंडापर्यंत जात नाही. मनकर्णाबाई भरवतात. तोंडाला सारखी कडब्याची चव. बाईंना म्हटलं, तुम्हीच उतरवा ते. कोयता घेऊन गेल्या आणि तशाच परत आल्या. म्हणाल्या, "बाबू, कसा हात लावू? त्याच्या छातीत धकधक होऊन राह्यलं."

माझ्या छातीवर त्यांनी कान ठेवला. झटकन मागे सरल्या. सामान बांधून लेकीकडे केनवडला निघून गेल्या.

९ फेब्रुवारी

इंद्रभानला तार करायला लावली — येऊ नका. उत्तर मनमाडच्या शेजाऱ्यांचं. विजया आणि कुंदा निघाल्या आहेत. वाटेत एक मुक्काम मामांकडे, रविवारी सकाळी इथे.

ते आता घराच्या कुंपणाशी आहे. मडक्याला नाक आलंय. मी काढलं नव्हतं —

१० फेब्रुवारी

दोन्ही हात ताठ. टेबलावर पसरून फक्त बोटांनी लिहितो. अक्षरं मोठी येतात. खुर्चीतून उठवत नाही, पाय एकच झाल्यासारखे —

इंद्रभान खिडकीबाहेर बोलत होता. माझ्याशी नाही. "बरं वाटते ना आता, साहेब? उद्या वैनी येतेत." आणि कुणीतरी म्हणालं, हो. माझ्या आवाजात.

ओरडलो. तोंडातून भुसा —

११ फेब्रुवारी, रविवार

खिडकीत कोणी नाही. कुंपणाशी कोणी नाही.

गाडीची शिट्टी.

फलाटावर निळा सदरा. शाईचा डाग इथूनही — कुंदा पळत — नको, कुंदे, तो मी —

तिने मिठी मारली. त्याने उचललं. कोपर वाकतं त्याचं.

रूळ ओलांडले. विजया हसते आहे.

दार.

कुंदा माझ्याकडे बोट — "बाबा, आपल्या घरात बुजगावणं कशाला?"

तो म्हणतो, काम झालं त्याचं. बांबू ठेवू, बाकीचा कडबा चुलीत —

विजया काडेपेटी शोध