बाबांच्या मुठीतून

बुधवार, संध्याकाळ

मनगट अजून लाल आहे आणि मला सारखं हसू येऊन राह्यलंय.

पुढच्या महिन्यात नर्सच्या नोकरीसाठी जर्मनीला जायचंय, पण बाबा अजून हो म्हणाले न्हाईत. "एकटी पोरगी, परका मुलूख," एवढंच बोलतात. म्हणून तर जुन्या जालन्यात शबाना मॅडमकडं स्वतःचा बचाव शिकायला जाते. आज त्यांनी दाखवलं, कुणी मनगट धरलं तर मागं ओढायचं न्हाई, धरणाऱ्याच्या अंगठ्याकडं झटका द्यायचा.

घरी आल्यावर बाबांना म्हणलं, "धरा. बराबर धरा."

आडतीवर तीस वर्षं पोती उचललेला हात तो. दोनदा माझा हात सुटलाच न्हाई. मुद्दाम घट्ट धरलं का? की सोडायचंच नव्हतं? तिसऱ्यांदा नेमका अंगठ्याकडं झटका दिला आणि सुटले.

बाबा आपल्या रिकाम्या मुठीकडं बघत राहिले. मंग म्हणाले, "परत कर." परत सुटले. तेव्हा बाबा मोठ्यानं हसले, कितीतरी दिवसांनी.

जेवताना मधेच म्हणाले, "तिकडं थंडी लई असती म्हणं. रविवारी स्वेटर घ्यायला जाऊ."

आईनं माझ्याकडं बघितलं. मी अजून एक भाकर मागून घेतली.