गोचिडीचा भाऊबंद

दादा,

रीत म्हणून नमस्कार. मी ठणठणीत आहे, असं आईला सांग.

मी इथे प्रयोगशाळेत दगडातल्या उवा शोधते, असं तू नातेवाइकांत सांगत फिरतोस. दोन महिन्यांपूर्वी दगडाच्या पातळ कापात चाळीस कोटी वर्षांपूर्वीची माइट सापडली, गोचिडीचा बारीक भाऊबंद. जमिनीवर जगू लागलेल्या सुरुवातीच्या जिवांपैकी एक, आठही पाय शाबूत.

"हा शोध माझ्या नावावर जाईल," आमचे विभागप्रमुख साहेब म्हणाले.

"नाही जाणार," मी म्हणाले.

त्यांनी प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली. मी थेट संचालकांकडे गेले. आता शोधावर नाव माझं आहे आणि इथे माझ्याशी कुणी बोलत नाही.

म्हणून तुझ्या दारात परत येईन, असं समजू नकोस. माझी खोली खुशाल भाड्याने दे.

आईचे गुडघे कसे आहेत? उत्तर तिलाच लिहू दे.

तुझी धाकटी बहीण