सुमन सिस्टर एकट्या बोलत नव्हत्या

६ फेब्रुवारी १९८४
नोकरी लागली! नाशकात गंगापूर रोडला खंडेराव डॉक्टरांचं हॉस्पिटल हाय, सगळे त्यांना साहेब म्हणतात. सकाळीच दिंडोरीहून पेटी घेऊन आले. सातवीत शाळा सुटली, लिहायचं विसरू नये म्हणून हे लिहिते. इथली आया धोंडामावशी पंचवटीची, लय हसवते. म्हणाली, झुंबर, तोंड शिवलंय का गं तुझं? मी नुसती मान हलवली. मोठ्या माणसांपुढं मला बोलताच येत नाय. काम सोपं हाय. वरच्या खोलीत इथल्याच नर्स सुमन सिस्टर हायेत, त्यांच्यापाशी बसायचं. साहेबांनी त्यांना आरामाला ठेवलंय.

८ फेब्रुवारी
सिस्टर आजारी वाटत नाय. माझी वेणी घालून दिली, तोंड सारखं चालू. सलाईनच्या बाटलीत बुरशी होती म्हणाल्या, कापसाच्या धाग्यासारखी. ती लावल्यावर एक बाळंतीण थंडी वाजून मेली. सिस्टरनी तिच्या नवऱ्याला खरं सांगितलं. तेव्हापासून साहेब म्हणतात, तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय, मनाच्या डॉक्टरकडून तपासून घे, नायतर नाशकात कुठंच कामाला लागू देणार नाय. म्हणून त्या इथं राहिल्यात.

९ फेब्रुवारी
मनाचे डॉक्टर आले. लय गोड बोलतात. सिस्टरनी विचारलं, तुम्ही माझे डॉक्टर का साहेबांचे? ते म्हणाले, बोलावलं साहेबांनी, पण तुम्ही मन मोकळं करा. सिस्टर म्हणाल्या, मोकळं करून साहेबांच्या टेबलावर ठेवता का? मला तोंडाला पदर लावावा लागला.

११ फेब्रुवारी
मनाचे डॉक्टर दाराबाहेर उभं राहून ऐकत होते. मग मला खाली बोलावलं. सिस्टर दिवसभर बोलतात ना? मी मान हलवली. खोलीत दुसऱ्या कुणाचा आवाज येत नाय ना? हलवली. ते साहेबांना म्हणाले, एकटीच बडबडते.
अहो, त्या माझ्याशी बोलत होत्या! मीच उत्तर देत नव्हते. हे सांगायचं होतं, शब्दच फुटला नाय. संध्याकाळी सिस्टरना इंजेक्शन दिलं. साहेब नि डॉक्टर, दोघांनी धरून.

१२ फेब्रुवारी
सिस्टरची जीभ जड झालीय. माझ्याकडं बघतात, नाव आठवत नाय. मी केलं हे. नाय. त्यांनी केलं. माझी मान वापरून केलं.

१३ फेब्रुवारी
बोलले! साहेबांपुढं जाऊन बोलले. सिस्टर शहाण्या हायेत, त्या माझ्याशी बोलत होत्या, त्या बाटल्या फेकून द्या. साहेब हसले. डॉक्टर म्हणाले, मुकी पोर अचानक ओरडायला लागली, हे बरं लक्षण नाय, एकीचं दुसरीला लागतं. मला वर सिस्टरच्या खोलीत नेलं. धोंडामावशीनं बाहेरून कडी लावली. दारातून कुजबुजली, बाई गं, ते म्हणतील त्याला मान हलव, सुटशील.

१४ फेब्रुवारी
नाय हलवणार.
सिस्टरशी मोठ्यानं बोलते, सारखी. त्यांचं उत्तर येत नाय— नुसतं बोट हलतं. दाराबाहेर बूट थांबलेत. ऐकतायत.

१५ फेब्रुवारी
खाली टेम्पोतून बाळंतपणाला आलेली बाई उतरली. कळा देतेय. मावशी त्याच बुरशीच्या बाटल्यांचा खोका घेऊन तिच्या मागं— सिस्टरनी बघितला— माझा हात घट्ट धरला—
कडी वाजली. तेच दोघं हायेत. येऊ दे. खिडकी उघडलीय, तिचा नवरा वर बघतोय. असंच ओरडणार, थांबणार नाय— दादा, बाटली आधी उजेडात धर, आत काय तरंगतंय बघ, मगच लावू—