जाऊबाईंचे टाके

वालूर, ता. सेलू
१४ डिसेंबर १९७८

सौ. अक्कास सत्यशीलाचा सप्रेम जयभीम.

इकडे सर्व ठीक. पोरं मजेत आहेत, धाकटी आता भिंतीला धरून चालते. कापसाची वेचणी चालू आहे. दाजींचा खोकला कसा आहे ते कळव. माझी प्रकृती उत्तम, काळजी नसावी.

गेल्या शुक्रवारी सेलूच्या शिबिरात आम्हा दोघी जावांचं मूल बंद होण्याचं ऑपरेशन झालं. आता म्हणे लहानशी चीर देतात, सकाळी जा नि संध्याकाळी घरी ये. मी टेबलावर चढले काय नि उतरले काय. सगुणाबाईंना मात्र पुष्कळ वेळ लागला. आमच्या थोरल्या जाऊबाई तुला ठाऊकच आहेत. त्या बैलगाडीत बसल्या की बाकीच्यांनी चालायचं.

निघताना डॉक्टरीणबाई आमच्या सासूला, आत्याबाईंना, जाऊबाईंकडे बोट करून म्हणाल्या, "यांच्या पोटावर चरबी जास्त आहे, अशी जखम लवकर पिकते. जड उचलू देऊ नका, पाणी लागू देऊ नका, रोज पट्टी बदला." मग माझ्याकडे बघून "यांनीही जपायचं" म्हणाल्या, पण तोवर आत्याबाई जाऊबाईंना उठवायला गेल्या होत्या. घरी आल्यावर त्यांनी कायदाच करून टाकला. "थोरलीला कशाला हात लावू देऊ नका. ह्या बारकीला काय हुतंय? काटकुळी हाय, हिंडंल-फिरंल."

मग काय विचारतेस! जाऊबाईंना बाज, नवी वाकळ, उशाशी ट्रान्झिस्टर, साजूक तुपातला शिरा. त्यांचे मालक, आमचे किशनराव भाया, मानवतच्या बाजारातून मोसंबी घेऊन आले आणि स्वतः सोलून त्यांच्या हातात देतात. अक्का, लग्न झाल्यापासून मला कुणी पेरूची फोड हातात दिलेली नाही. आमचे हे जाऊबाईंच्या पट्ट्या आणायला सायकलवरून पळतात आणि मला विचारतात, भाकरी झाली का? त्या पट्ट्या बदलायचं काम अर्थातच माझ्याकडे.

बांगड्या भरायला बसलो तरी तेच. कासारीण त्यांचं मनगट दाबून दाबून कौतुक करते, नि मला शाळेतल्या पोरींच्या मापाच्या चढवते. माझं दुखणंही बहुतेक त्याच मापाचं धरतात लोक. मी जळते त्यांच्यावर, अक्का. तुझ्यापाशी कशाला लपवू?

घरी आल्यावर दोनच दिवसांनी मी आडावरून पाणी आणलं. आणावंच लागलं, दुसरं कोण आणणार? घागर कमरेवर घेताना पोटात काहीतरी टचकन तुटल्यासारखं झालं. पदर घट्ट खोचला आणि चुलीपुढं बसले. बोलले असते तर आत्याबाई म्हणाल्या असत्या, थोरलीचं बघून हिला बी बाज पाहिजे. ते मला ऐकायचं नव्हतं. अक्षर वेडंवाकडं आलंय ते थंडीमुळं. भर दुपारीही हुडहुडी भरते. आणि लुगड्याला वास येतो म्हणून धाकटीला जवळ घेत नाही, इतकंच.

आज दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. जाऊबाईंनी बाजेवरून हाक मारली, "सते, पदराखाली काय झाकायलीस? इकडं ये." मी म्हटलं, काही नाही. तर डॉक्टरीणबाईंनी जपायला सांगितलेल्या त्या बाई आपणहून खाली उतरल्या नि माझा पदर बाजूला केला. बघितलं आणि माझ्या कपाळाला हात लावला.

"कव्हापासून गं हे? आत्याबाईला सांगते मी."

मी त्यांचे पाय धरले. घरात माझी कीव व्हावी, आणि तीही त्यांच्या तोंडून, हे मला सोसलं नसतं.

त्यांनी सांगितलं नाही. संध्याकाळी आत्याबाई शेतातून आल्या तशा जाऊबाई बाजेवर पडून कण्हायला लागल्या. "आत्याबाई, टाके लय ठणकायलेत. उद्या मला सेलूला न्या. सतेला संगं घेते, मला उठवायला-बसवायला तीच लागंल." घरात एकच धावपळ झाली. भायांनी लगेच गाडी ठरवली.

अक्का, त्यांचे टाके मी रोज बघते. छान सुकलेत. इतक्या जणांनी जपल्यावर का नाही सुकणार? उद्या जाऊबाई डॉक्टरीणबाईंपुढं स्वतःचं पोट दाखवायचं सोडून माझाच पदर बाजूला करणार आहेत.

तू म्हणशील, आता तरी जळायचं सोड. कसं सोडू? त्यांच्या अंगाचा, आरामाचा हेवा करताना मला वाटायचं, मनानं तरी मी त्यांच्यापेक्षा चांगली आहे. तेवढंही त्यांनी माझ्याकडं ठेवलं नाही.

तू लगेच निघून ये. ताप उतरत नाही, मला भीती वाटते, आणि पोरांपाशी आपलं कुणीतरी हवं. येताना मोसंबी आण. माझ्यासाठी नको, जाऊबाईंसाठी. मात्र तुझ्या मनानं आणली म्हणून सांग. माझं नाव घेऊ नकोस.

तुझी काटकुळी,
सत्यशीला